शिकाऊ वैमानिकांच्या विमानांचे शिल्पकार : डॉ. वि. मा. घाटगे

गडहिंग्लज तालुक्यातील हसूरचंपू हे गाव आपल्या वाचकांना नवखे वाटण्याचे कारण नाही. हा मुलूख मराठी आणि कानडी या दोन भाषांच्या सीमेवरचा. बाजाराला गडहिंग्लज, थोडे पलीकडे संकेश्वर, आणि बोलताना कोणती भाषा कुठे संपली हे बोलणाऱ्याच्याही ध्यानात येत नाही. त्या काळी हा सारा भाग कोल्हापूर संस्थानात होता. याच गावी २४ ऑक्टोबर १९०८ रोजी विष्णू माधव घाटगे यांचा जन्म झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये विल्बर राइट याने फ्रान्समध्ये प्रथमच जाहीरपणे विमान उडवून दाखविले होते, आणि भारताच्या आकाशात विमान दिसायला अजून दोन वर्षे अवकाश होता. म्हणजे हा मुलगा आणि ही विद्या जवळजवळ बरोबरीनेच वाढली.

भारतात पूर्णपणे भारतीयांनी आखलेले आणि भारतात बांधलेले पहिले शक्तिचलित विमान कारखान्यातून बाहेर काढले ते याच डॉ. घाटगे यांच्या नेतृत्वाखालील तुकडीने. पाठ्यपुस्तकांतून विश्वेश्वरय्यांचे नाव भेटते, साराभाई आणि भाभा यांचीही नावे सर्वांना ठाऊक असतात. घाटगे हे नाव मात्र विमानविद्येच्या वर्तुळाबाहेर फारसे कुणी घेत नाही. याचे एक कारण, त्यांनी जन्मभर ज्या प्रकारची विमाने केली त्यातच आहे असे मला वाटते. ते पुढे ओघाने येईलच.

मुंबई विद्यापीठातील उच्च शिक्षण आटोपून घाटगे जर्मनीत गटिंगन येथे गेले आणि लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन करू लागले. प्रांटल कोण, हे शास्त्र शाखेच्या विद्यार्थ्यांना सांगावे लागणार नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. पाण्यातून वा हवेतून जाणाऱ्या वस्तूला होणारा विरोध नेमका कुठून येतो, हे कोडे एकोणिसाव्या शतकातील थोर गणितज्ञांनाही उलगडले नव्हते. त्यांच्या सुबक समीकरणांतून उत्तर येई ते असे, की हवेत सरळ जाणाऱ्या वस्तूला विरोध मुळी होतच नाही. वाऱ्यात छत्री धरून चाललेल्या कोणालाही हे उत्तर चूक आहे हे कळेल. १९०४ साली हायडेलबर्गच्या गणितपरिषदेत प्रांटलनी त्याचा उलगडा केला. वस्तूच्या पृष्ठभागाला चिकटून हवेचा एक अगदी पातळ थर असतो. घर्षणाचा सारा खेळ त्या थरातच चालतो आणि त्याच्या बाहेर जुनी समीकरणे खुशाल लागू पडतात. हाच तो सीमास्तर. हा थर पृष्ठभागाला धरून राहिला तर पंख विमानाला उचलतो. तो मध्येच सुटला की पंखाची उचल एकाएकी ढासळते. विमानाच्या पंखाचे शास्त्र येथून सुरू झाले, आणि ते शिकण्यासाठी जगभरातून मुले गटिंगनला येऊ लागली.

घाटगे तेथे होते तो काळ मोठा विलक्षण होता. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि काही महिन्यांतच गटिंगनच्या गणित व पदार्थविज्ञान विभागांतून माक्स बोर्न, रिखार्ड कूरांट, एमी नोएदर यांच्यासारख्यांना ज्यू म्हणून दूर करण्यात आले. जगातील एक श्रेष्ठ विद्यापीठ डोळ्यांदेखत रिते होत होते. विमानविद्येकडे मात्र नव्या राजवटीने मुक्तहस्ताने पैसा लोटला, आणि तो कशासाठी हे पुढे साऱ्या जगाला कळले. अशा ठिकाणी राहून घाटगे यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळविली. प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट करणाऱ्या अगदी पहिल्या भारतीयांत त्यांची गणना होते.

पदवी घेऊन परतलेल्या या तरुणासाठी देशात काम काय होते? खरे सांगायचे तर काहीच नव्हते. विमाने होती, पण ती सारी परदेशातून आलेली. दुरुस्तीसाठी लागणारा खिळादेखील परदेशाहून यायचा. विमानाचा कारखाना नाही, विमानविद्या शिकविणारा विभाग नाही, अशा देशात विमानशास्त्राचा डॉक्टर म्हणजे नदी नसलेल्या गावचा नावाडी.

ही परिस्थिती पालटली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंदांमुळे. १९३९ साली अमेरिकेच्या प्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली आणि भारतात विमानाचा कारखाना काढायचा हे त्यांच्या मनाने घेतले. म्हैसूर संस्थानने जमीन दिली, भांडवलात वाटा उचलला, आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी नोंदली गेली. मराठी माणसाचे धाडस आणि कानडी संस्थानचे औदार्य यांतून उभा राहिलेला हा कारखाना. आपल्या नियतकालिकाचे दोन विभाग पाहता हे येथे नोंदवून ठेवणे अस्थानी होणार नाही. कारखान्याच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतच डॉ. घाटगे तेथे दाखल झाले.

कारखान्याला पहिले काम होते ते अमेरिकन विमाने जुळवण्याचे. सुटे भाग पेट्यांतून येत, ते येथे जोडले जात. पण याच धांदलीत घाटगे यांनी दहा जणांना नेऊ शकेल असे एक ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान, आखले आणि १९४१ च्या ऑगस्टमध्ये ते उडालेही. त्याचा एक नमुनाच झाला, पुढे उत्पादन झाले नाही. एखाद्या कंपनीच्या इतिहासात असल्या गोष्टीला चार ओळी मिळतात. मला तिचे महत्त्व वाटते ते अशासाठी, की आपल्या हाताने काढलेली रेघ हवेत तरंगते हे त्या कारखान्यातल्या माणसांनी पहिल्यांदा पाहिले ते तेव्हा.

त्यानंतर युद्ध दाराशी आले. सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि १९४३ पासून तो अमेरिकन हवाई दलाच्या दुरुस्तीकामाला जुंपला गेला. नव्या विमानांचे आराखडे बाजूला पडले. दुसरीकडे, १९४२ च्या अखेरीस बंगळूरच्याच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, ज्याला तेथील लोक टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात, विमानशास्त्राचा विभाग निघाला आणि त्याची धुरा डॉ. घाटगे यांच्याकडे आली. विमान बांधायला बंदी असेल तर विमान बांधणारी माणसे तयार करावीत, असाच हा काळ त्यांच्या वाट्याला आला. गटिंगनमध्ये शिकलेले सीमास्तराचे गणित आता बंगळूरच्या फळ्यावर उतरू लागले. या विभागातून बाहेर पडलेल्या तरुणांतूनच हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या आराखडा विभागाला पुढे माणसे मिळत गेली.

स्वातंत्र्यानंतर कारखान्यापुढे दोन वाटा होत्या. परदेशी कंपनीचा परवाना घेऊन तिचे विमान येथे बांधायचे, ही त्यातली सोपी वाट. ती घेतलीही गेली. पर्सिव्हल प्रेंटिस हे ब्रिटिश प्रशिक्षण विमान येथे परवान्याने तयार झाले. दुसरी वाट होती स्वतः विमान आखण्याची. १९४८ मध्ये या दुसऱ्या वाटेला सरकारची संमती मिळाली आणि घाटगे यांच्या हाती काम आले ते एका प्रशिक्षण विमानाचे. त्याचे नाव हिंदुस्थान ट्रेनर, आणि नमुन्याचा क्रमांक धरून एचटी–२.

प्रशिक्षण विमान म्हटले की ऐकणाऱ्याचा हिरमोड होतो. लढाऊ विमान म्हटले तर डोळे चमकतात. पण जरा विचार करा. ज्याने आयुष्यात कधी विमान चालवलेले नाही अशा अठरा-वीस वर्षांच्या मुलाला या यंत्रात बसवायचे आहे. तो चुका करणार हे ठरलेलेच. तो नाक फार वर उचलील, वेग फार कमी करील, वळताना पायाने नको तेवढा जोर देईल. पंखावरचा तो प्रांटलचा सीमास्तर सुटेल, उचल जाईल, आणि विमान गिरक्या घेत जमिनीकडे निघेल. चांगल्या शिकाऊ विमानाने अशा वेळी काय करावे? एक तर त्याने आगाऊ सूचना द्यावी, थरथरावे, दांडा ढिला पडल्याची जाणीव हाताला करून द्यावी. आणि गिरकीत गेलेच, तर मुलाने शिकविल्याप्रमाणे हातपाय हलवताच निमूट बाहेर यावे. मात्र ते इतके गरीबही असता कामा नये की कसलीही चूक पोटात घालील. तसे झाले तर मुलगा काहीच शिकणार नाही आणि पुढच्या वेगवान विमानात त्याच चुकीने जीव गमावील. क्षमाशील तर असावे, पण लाडावणारे नसावे. वर्गात शिकविणाऱ्या कोणाही प्राध्यापकाला ही तारेवरची कसरत ओळखीची वाटेल. घाटगे यांनी काही वर्षे फळ्यापुढे काढली होती, याचा उपयोग त्यांना पंख आखताना झाला असेल असे म्हणण्याचा मोह आवरत नाही.

आणि हे सारे करायचे कशाच्या बळावर? आज ज्याला आपण संगणक म्हणतो तो देशात नव्हता. सरकपट्टी, हाताने फिरवायची गणनयंत्रे, कागदाचे ताव आणि माणसांची चिकाटी एवढीच सामग्री. पंखाचा आकार, शेपटीचे क्षेत्रफळ, गुरुत्वमध्य किती पुढे आणि किती मागे चालेल, प्रत्येक पत्र्यावर येणारा ताण, हे आकडे पुन्हा पुन्हा मांडायचे. शेपूट थोडी मोठी केली की वजन वाढते, वजन वाढले की उतरण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की चाकांचा सांगाडा बळकट करावा लागतो आणि पुन्हा वजन वाढते. विमानाचा आराखडा म्हणजे असल्या तडजोडींचा हिशेब. तोवर आपल्या हवाई दलाची मुले शिकत होती ती टायगर मॉथवर. लाकूड आणि कापड यांचे ते दुपंखी विमान १९३१ सालच्या आराखड्याचे. घाटगे यांनी आखले ते सबंध धातूचे, एकपंखी, पंख खाली असलेले, गुरू आणि शिष्य एकामागे एक बसतील असे विमान.

ऑगस्ट १९५१ मध्ये बंगळूरच्या धावपट्टीवरून कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी एचटी–२ चा पहिला नमुना आकाशात नेला. १९५२ च्या फेब्रुवारीत दुसरा नमुना उडाला, त्याला १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर इंजिन होते आणि तेच पुढे कायम झाले. १९५३ पासून विमाने हवाई दलाकडे जाऊ लागली. दीडशेहून अधिक एचटी–२ तयार झाली. हवाई दलाबरोबर उड्डाण क्लबांतही ती गेली. १९५९ मध्ये नव्याने स्वतंत्र झालेल्या घाना देशाच्या हवाई दलाने बारा एचटी–२ घेतली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर बारा वर्षांच्या आत भारताने आखलेल्या विमानावर आफ्रिकेतली मुले उडायला शिकत होती. हवाई दलात हे विमान ऐंशीच्या दशकापर्यंत टिकले. एका विमानाला तीन दशकांहून अधिक सेवा लाभावी, ही गोष्ट साधी नव्हे.

या विमानावर टीका झाली नाही असे नाही. जग जेटकडे गेले असता भारत पिस्टनचे पोरखेळाचे विमान करीत बसला, असा एक सूर तेव्हाही होता आणि मागे वळून पाहताना आजही निघतो. शिवाय इंजिन ब्रिटिश, बरीचशी उपकरणे बाहेरची, मग यात भारतीय ते काय, असेही विचारले जाते. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. इंजिनाच्या बाबतीतील आपले परावलंबन त्यानंतरही अनेक दशके सुटले नाही. पहिला आक्षेप मात्र मला मान्य नाही. ज्याने कधी पाऊल टाकले नाही त्याने पहिले पाऊल डोंगराच्या कड्यावर टाकू नये. एचटी–२ वर काम केलेल्या तुकडीनेच पुढची विमाने केली, आणि त्यातले एक जेटच होते.

मधल्या विमानांविषयी फार लिहीत नाही. पुष्पक हे दोन आसनी, वरच्या पंखाचे हलके विमान २८ सप्टेंबर १९५८ रोजी उडाले. उड्डाण क्लबांसाठी ते केले होते, आणि एरोन्का चीफ या अमेरिकन विमानाशी त्याचे बरेच साम्य होते हेही मोकळेपणाने सांगायला हवे. कृषक १९५९ च्या नोव्हेंबरात आले आणि सैन्याच्या तोफखान्यासाठी टेहळणीचे काम करीत राहिले. दोन्ही कामाची विमाने होती आणि दोन्हींनी आपले काम केले.

खरा कस लागला तो जेटच्या वेळी. १९५६ मध्ये भारत सरकारने कुर्ट टांक या नामांकित जर्मन रचनाकाराला बंगळूरला आणले. दुसऱ्या महायुद्धातील फोके-वुल्फ १९० हे लढाऊ विमान त्यांचे. त्यांच्या नेतृत्वाखाली मारुत हे लढाऊ जेट आखले गेले आणि १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी ते उडविले. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या आराखडा विभागाची शक्ती साहजिकच तिकडे वळली आणि घाटगे यांच्या माणसांचाही त्यात मोठा वाटा होता. मारुत दिसायला अत्यंत देखणे. परंतु ज्या शक्तिशाली इंजिनाच्या भरवशावर ते आखले ते इंजिन कधी हाती आलेच नाही, आणि त्या विमानाची झेप अखेरपर्यंत अपुरी राहिली.

याच काळात, शेजारीच, घाटगे यांची तुकडी आणखी एक शिकाऊ विमान आखीत होती. एचटी–२ वर पहिले धडे घेतलेल्या मुलाने जेटकडे वळावे कसे, हा प्रश्न होता. ब्रिटिश बनावटीची व्हँपायर विमाने त्यासाठी वापरात होती, पण ती जुनी होत चालली होती. घाटगे यांनी किरण आखले ते बाजारात सिद्ध झालेले व्हायपर इंजिन समोर ठेवून. जे हाती आहे त्याच्याभोवती विमान बांधायचे, जे येणार म्हणतात त्याच्याभोवती नाही. या विमानात गुरू आणि शिष्य एकमेकांशेजारी बसतात, त्यामुळे शिष्याचा हात कुठे चुकतो हे गुरूला डोळ्यांनी दिसते. उंचीवरील विरळ हवेसाठी कक्षात दाब राखण्याची सोय, आणि जीव वाचविणारी, बाहेर उसळणारी आसने. ४ सप्टेंबर १९६४ रोजी किरण प्रथम उडाले. चालक पुन्हा सुरंजन दासच. महिनाभराने, १ ऑक्टोबर १९६४ रोजी, हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये विलीन झाली. म्हणजे वालचंदांच्या कंपनीच्या जुन्या नावाखाली उडालेले हे अखेरचे नवे विमान ठरले.

मारुतवर लेख लिहिले गेले, पुस्तके निघाली, ते नाहीसे झाल्याची हळहळ अजून व्यक्त होते. ते हवाई दलातून १९९० च्या सुमारास निवृत्त झाले. किरणची अशी चर्चा झाली नाही. १९६८ पासून ते हवाई दलात आले, पुढे अधिक शक्तिमान इंजिनाची दुसरी आवृत्ती १९७६ मध्ये उडाली, सर्व मिळून सुमारे १९० किरण तयार झाली आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ ती सेवेत राहिली. ग्वाल्हेरच्या महाराजपूर तळावर १९८५ साली फ्रान्सहून मिराज विमाने आली तेव्हा त्यांच्या बातम्या देशभर झळकल्या. त्या काळच्या हवाई दलात एखाद्याच्या हाती मिराजसारखे यंत्र येई तोवर त्याची पहिली वर्षे सामान्यतः एचटी–२ वर आणि किरणवर गेलेली असत. तो वैमानिक आपल्या गुरूचे नाव सांगेल, क्वचित विमानाचेही सांगेल. विमान आखणाऱ्याचे नाव सांगण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

किरणचे एक रूप आपल्या भागातल्या लोकांनी मात्र पाहिले आहे. १९९६ साली बिदर येथे हवाई दलाचे सूर्यकिरण कसरत पथक स्थापन झाले, ते याच विमानांचे. नऊ तांबडी-पांढरी विमाने पंखाला पंख लावून जात आणि खाली गावोगावची माणसे माना वर करून पाहत. शिकाऊ मुलाच्या चुका सहन करावयास केलेले यंत्र इतके आज्ञाधारक असते की नऊ जणांना एकमेकांच्या हातभर अंतरावर नेता येते. ते ज्याच्या हिशेबाने झाले त्याच्या कामाची यावरून कल्पना यावी. २०११ पर्यंत हे पथक किरणवर होते.

डॉ. घाटगे यांना १९६५ मध्ये पद्मश्री मिळाली. कारखान्यात मोठ्या जबाबदारीच्या पदांपर्यंत ते पोहोचले. एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था त्यांच्या नावाने विमानविद्येतील कामगिरीसाठी पारितोषिक देते. त्र्याऐंशी वर्षांचे दीर्घ आयुष्य लाभून ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. एचटी–२ च्या जागी तोवर दीपक हे नवे विमान आले होते. किरणची चाके मात्र त्या दिवशीही हवाई दलाच्या प्रशिक्षण तळांवर धावपट्टी सोडत होती.